दोषमुक्ती आणि निर्दोष मुक्तता

महोदय,

न्यायालयीन बातम्यांत ‘दोषमुक्त’ आणि ‘निर्दोष मुक्त’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने छापले जातात. दोषमुक्ती आरोप निश्चित होण्यापूर्वी मिळते आणि खटला चालवण्याइतकाही आधार नाही, एवढेच न्यायालय तेव्हा सांगत असते. निर्दोष मुक्तता सामान्यतः पुरावा तपासून झाल्यावर होते आणि तो निकाल कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी त्या व्यक्तीवर पुन्हा खटला चालवता येत नाही. दोषमुक्तीला हे संरक्षण नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या सध्याच्या कायद्याच्या) कलम 337 च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. (‘क्लीन चिट’ हा शब्द तर या संहितेत कोठेच सापडणार नाही.)

याहून अधिक गैरसमज ‘संशयाचा फायदा’ या शब्दांमुळे होतो. ‘फायदा’ म्हटले की न्यायालयाने आरोपीवर मेहेरबानी केली, असा सूर वाचकाच्या कानी पडतो. वास्तविक गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते आणि ती पार पडली नाही, तर आरोपीची मुक्तता करण्यावाचून न्यायालयापुढे दुसरा मार्ग उरत नाही. ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ आणि ‘संशयाच्या फायद्याने मुक्तता’ असे दोन दर्जे फौजदारी प्रक्रियेत नाहीत. सन्मानपूर्वक मुक्ततेचा प्रश्न प्रामुख्याने नोकरीच्या प्रकरणांत येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये समुथिरम प्रकरणात ही संज्ञा तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेला अपरिचित असल्याचे नमूद केले आहे. विभागीय चौकशीत पुराव्याचा निकष सौम्य असल्यामुळे मुक्ततेनंतरही एखाद्या कर्मचाऱ्यावर कारवाई होऊ शकते. पण त्यावरून फौजदारी निकाल अर्धवट ठरत नाही.

मुक्तता झाली म्हणजे घटना घडलीच नाही किंवा तक्रारदार खोटे बोलला, असेही नव्हे. पीडिताच्या दृष्टीने हे कटू आहे, याची मला जाणीव आहे. परंतु त्या कटुतेचे उत्तर सदोष तपासाकडे मागायला हवे, मुक्त झालेल्या माणसाकडे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या चंद्रप्पा निकालानुसार मुक्ततेनंतर त्याच्या निर्दोषत्वाचे गृहीतक अधिकच बळकट होते आणि पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील, तर अपिलात मुक्ततेचा निकाल फिरवू नये.

तेव्हा मुक्ततेची बातमी देताना निकाल खटल्याच्या कोणत्या टप्प्यावरचा आहे आणि त्यावर अपील दाखल झाले आहे का, एवढा तपशील आपल्या वृत्तपत्राने आवर्जून द्यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक