स्प्रिंग बदलताना डॅम्परही पाहा

महोदय,

जळगाव-धुळ्याकडे स्पोर्टी गाडी वळणावर झुकू नये म्हणून तिला खाली आणणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंगा बसवण्याची हौस वाढते आहे. परंतु जुने शॉक ॲब्सॉर्बर (म्हणजेच डॅम्पर) तसेच ठेवल्यास ते त्या स्प्रिंगांची उसळी आवरू शकत नाहीत, चाकाला वर-खाली होण्यास जागा अपुरी पडते आणि खड्ड्यात आरामाबरोबर रस्त्यावरची पकडही जाते. स्प्रिंगला साजेसे डॅम्पर, सांध्यांतील झिजलेल्या रबरी बुशांची बदली आणि शेवटी व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे), हा खर्च डोळ्यांना दिसत नाही (म्हणूनच टाळला जातो), तरी खरा फरक त्यानेच पडतो. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या १९८८च्या मानकात गोलाकार गतिरोधक (वाहनाच्या दिशेने) ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला होता. आपल्याकडचे उभट उंचवटे पाहता गाडी फार खाली आणणे मला तरी पटत नाही.

एक वाचक, जळगाव