अंगणवाडीच्या ताईंना

ताई, नमस्कार.

नाव लिहीत नाही, पोराचं नाव चारचौघांत नको. उलथन्यावरून ओळखाल.

मागच्या पावसाळ्यात महिन्याच्या वजनाला तुम्ही माझ्या 3 वर्षांच्या पोराचा सदरा काढलात आणि थांबलात. पाठीवर उलथन्याचा लाल वळ होता. तुम्ही काही विचारायच्या आतच मी म्हणाले, "पायरीवरून पडला." आमच्या टेकडीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत पायऱ्यांना काय तोटा! कुणालाही पटलं असतं. तुम्ही वहीत वजन लिहिलंत, आणि बाकीच्या बायका गेल्यावर म्हणालात, "पडलेल्या पोराचा गुडघा फुटतो, कपाळाला टेंगूळ येतं. पाठीवर, कानामागे, मांडीच्या मागे सहसा नाही लागत गं."

खूप राग आला होता तुमचा. सासूबाई तर म्हणाल्या, आमची पोरं काय मार न खाता मोठी झाली?

संध्याकाळी तुम्ही धापा टाकत वर आलात, हातात पोषण आहाराचं पाकीट. ते निमित्त होतं, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून, हे मला फार उशिरा सुचलं. "मारतेस का?" असं तुम्ही विचारलंच नाही. "कधी मारतेस?" असं विचारलंत. मी गप्प झाले. आठवून बघितलं तर रोज एकच वेळ, सकाळी साडेसहा ते आठ. नळाचं पाणी जायच्या बेतात, मेसच्या 80 पोळ्या, धाकटी रडतेय आणि हा पायात. त्या दीड तासापुरतं त्याला शेजारच्या मावशींकडे बसवायचं तुम्हीच त्यांच्याशी बोलून ठरवलंत. धाकटीचंही सांगितलंत: रडणं सहन होईना तर पाळण्यात ठेव, बाहेर जाऊन दहा मिनिटं बस, पण गदागदा हलवू नकोस, मान कच्ची असते, मेंदूत रक्तस्राव होतो. एकदा मी तिला तसं हलवलं होतं. ते तुम्हाला आजच सांगतेय.

नुसतं गोड बोलून गेला नाहीत. "परत वळ दिसला तर मुलांच्या मदतीच्या 1098 नंबरला फोन लावीन, तुला सांगून लावीन." मला वाटायचं तो नंबर स्टेशनवरच्या हरवलेल्या पोरांसाठी. तुम्ही म्हणालात, कुणीही लावावा, दिवसा-रात्री, फुकट. आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 75, पोरांना क्रूरपणे वागवण्याबद्दलचं, आईबापालाही लागतं, 3 वर्षांपर्यंत कैद. धाकानं माणूस सुधारत नाही म्हणतात. मला त्या धाकाचा उपयोग झाला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर दोनदा हात उठला. दोन्ही वेळा मीच येऊन तुम्हाला सांगितलं. तो अजून भांडं आपटलं की डोळे मिटतो, पण लगेच उघडतो.

या महिन्यात वजनाला त्याचा सदरा मीच काढला. 13 किलो भरला.

तुमची,
वरच्या गल्लीतली पोळीवाली