डिझायनर बदलण्याआधी

सई बाळा,

काल फोनवर म्हणालीस की डिझायनरने तिसऱ्यांदा लोगो पाठवला तरी मनासारखं काही येत नाहीये, आता दुसरं कुणी बघू का. रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून लिहितेय. तू तिला काय काय सांगितलंस तर निळा गडद कर, नाव मोठं कर, डावीकडे घे. अगं हे सगळे उपाय झाले, अडचण कुठे सांगितलीस? आपली गिऱ्हाईकं वयस्कर आहेत, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, एवढंच सांग आणि मग मोठं करायचं की जाड करायचं की बाजूला मोकळी जागा सोडायची ते तिला ठरवू दे, पैसे त्याचेच देतेयस ना.

मी माझं काम सुरू केलं तेव्हा एका डिझायनरकडून व्हिजिटिंग कार्ड करून घेत होते. रोज रात्री स्क्रीनवर मोठ्ठं करून बघायचे आणि मेसेज टाकायचे, अजून एक ओळ टाका, कामांची यादी टाका. त्याने वाद नाही घातला. एक दिवस माझ्या मनासारखं एक आणि त्याच्या मनासारखं एक, अशी दोन कार्डं खऱ्या मापात साध्या कागदावर प्रिंट काढून, कात्रीने कापून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. माझं कार्ड मलाच चष्मा लावून वाचता येईना! तेव्हापासून मी "असं का केलंत" विचारायला लागले आणि तो मनापासून सांगायचा, की स्क्रीनचे रंग आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडाचे, छपाईचे सीएमवायके, म्हणजे चार शाया मिसळून होणारे, म्हणून तो झगझगीत हिरवा कागदावर मळकट दिसणार.

पण नंतर मीच माती खाल्ली. घरातल्यांची, मैत्रिणींची सगळ्यांची मतं जशीच्या तशी त्याला पाठवत बसले, एक म्हणतं साधं हवं दुसरं म्हणतं भरगच्च हवं, आणि तो हळूहळू गप्प झाला. सांगेन तेवढंच करून पाठवायचा, "का" सांगणं बंद. ते अजून मनाला लागतं. तू मतं घे सगळ्यांची, पण तिच्यापर्यंत एकाच माणसाचं पोचू दे, तुझं.

१९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सने त्याच्या नेक्स्ट या कॉम्प्युटर कंपनीचा लोगो पॉल रँड या नावाजलेल्या डिझायनरकडून करून घेतला, १ लाख डॉलर देऊन. त्याने दोन-चार पर्याय मागितले तर रँडने सरळ नाही म्हटलं, एकच दिला, पण तो तसा का ते समजावणारी अख्खी पुस्तिका करून दिली. मला त्यातली पुस्तिका जास्त महत्त्वाची वाटते.

आणि विश्वास आहे मग लिहून कशाला, असं करू नकोस. ॲडव्हान्स किती, बदल किती वेळा, मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न बिघडणारी, मिळणार का (नुसती जेपीजी घेतलीस तर बोर्डावर मोठी केली की फाटते), आणि हक्क कुणाचे. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आपले होतात असं सगळीकडे नसतं, करारात काय लिहिलंय आणि तिथला कायदा काय म्हणतो त्यावर असतं. हप्ता ठरल्या तारखेला दे, आठवण करायची वेळ तिच्यावर आणू नकोस.

आज तिला फोन कर, पण बदल सांगू नकोस आधी. तिसरं डिझाइन तिने तसं का केलं ते विचार, आणि पूर्ण ऐकून घे मधे न बोलता.

तुझी,
आई