वकीलकाका, तुमच्यावर उगाच रागावलो होतो

ती. स्व. वकीलकाका,
सा. न. वि. वि.

मागच्या सोमवारी आत्याच्या फ्लॅटच्या विक्रीचे पैसे वाचनालयाच्या कायम निधीत जमा झाले. घरी आलो आणि आधी तुमची आठवण झाली. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुमच्याबद्दल नको ते बोललो तेही चारचौघांतच.

२०१६ च्या मे महिन्यात आत्याने आम्हा भाचरांना सांगलीला बोलावलं, रस-पोळ्या वाढल्या आणि सांगितलं, "माझ्यामागे हा फ्लॅट आणि ठेवी वाचनालयाला." रस घशाखाली उतरेना. मूलबाळ नाही, आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, कधीच गेलेले, ठेवींवर नॉमिनी म्हणून माझं नाव. फ्लॅट आपलाच, असं मी मनात धरून बसलो होतो. "म्हातारीला वकिलाने गुंडाळलं," असं जिन्यात म्हणालोसुद्धा. तुमच्या कानावर गेलंच असेल, तुम्ही तळमजल्यावर राहता.

आत्या गेल्यावर तिची फाइल उघडली. तुमच्याशी झालेलं बोलणं तिने वहीत तारीखवार लिहून ठेवलंय. बत्तीस वर्षं शाळेत काढलेली बाई. त्यातून कळलं की तिला फ्लॅटचं बक्षीसपत्रच करून द्यायचं होतं, लगेच. अडवलंत तुम्ही. "बक्षीसपत्राने घर आजच हातातून जाईल, नंतर परत मागता यायचं नाही. मृत्युपत्र जिवंत असेपर्यंत केव्हाही बदला, फाडा, वेळ पडली तर घर विकून खा." शेवटची दोन वर्षं तिला दिवसरात्र बाई ठेवावी लागली, तीन ठेवी मोडल्या. पण राहिली स्वतःच्या घरात, स्वतःच्या खिडकीशी. एवढ्या एका सल्ल्यासाठी तुमचे पाय धरावेत.

वहीतल्या दुसऱ्या एका पानाने मात्र माझं तोंडच बंद केलं. मृत्युपत्र नसतं तर फ्लॅट मला मिळालाच नसता! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १५: नवरा आणि मुलंबाळं नसलेल्या बाईची स्वकमाईची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरचे त्यांच्यानंतर. म्हणजे काकांच्या पुतण्यांकडे, ज्यांना आत्याने शेवटचं कधी पाहिलं तेही आठवत नव्हतं. मी ज्याच्यासाठी रुसलो होतो, ते माझं नव्हतंच. हा कायदा मला आजही अन्यायाचा वाटतो, पण तो राग तुमच्यावर काढायचं कारण नव्हतं.

नॉमिनीचं तुम्ही पुढे मला समजावलंत, तेही न रागावता: "नॉमिनी म्हणजे पंगतीतला वाढपी. भांडं तुझ्या हातात, जेवणार दुसरा."

मसुद्याची टाइप केलेली प्रतही फाइलमध्ये आहे. मथळ्यात "मृत्यूपत्र" होतं. आत्याने लाल शाईने तो "त्यू" ऱ्हस्व केलाय. "राजीखुशीने व पूर्ण अक्कलहुशारीने" याच्या शेजारी समासात तिचं अक्षर: "हे मीच माझ्याबद्दल कसं लिहू?" खाली तुमचं: "तुम्ही लिहा, डॉक्टर दुजोरा देतील." डॉक्टरांचा दाखला मागे टाचलेला आहे.

तेव्हा तुमचा काटेकोरपणा मला किरकिरेपणा वाटला होता. वाचनालयाचे कार्यवाह साक्षीला सही करतो म्हणाले, तर तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवलंत. ज्याच्या संस्थेला मिळणार, त्याने साक्षीला बसायचं नाही. दोन साक्षीदार, दोघेही पन्नाशीच्या आतले. "माझ्या वयाचा घेतला तर कोर्टात त्याला स्वर्गातून बोलवावं लागेल!" नुसतं "गावातलं वाचनालय" लिहून भागवलं नाहीत, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक घातलात, आणि ते बंदच पडलं तर रक्कम कोणाला, तेही लिहून घेतलंत. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणीची सक्तीही नाही, तरी तिला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत घेऊन गेलात. फ्लॅट विकताना यातला एकेक कागद माझ्या उपयोगी पडला. आणि त्या रस-पोळीच्या जेवणाचा आग्रहही तुमचाच होता म्हणे: मागून कळलं की माणसं भांडतात, समोर सांगा, काय रुसायचं ते जिवंतपणी रुसू देत.

मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून दरवर्षी मुलांची पुस्तकं घ्यायची आणि पुस्तकांवर तिचं नाव छापायचं नाही, या तिच्या अटी. तिसरी कार्यवाहांना पटत नाही. तुम्ही एकदा बोलाल का त्यांच्याशी?

एक राहिलंच. आत्याने फी विचारली तर तुम्ही म्हणाला होतात, "माझी वाचनालयाची वर्गणी भरत जा." फाइलमध्ये सात वर्षांच्या पावत्या आहेत, सगळ्या तुमच्या नावाच्या. यंदाची मी भरली. पावती सोबत जोडली आहे.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरच्या आत्याचा भाचा