मावशी, दहावं वचन वाचायला लावलंत म्हणून

प्रिय मावशी,

सलाम.

तुम्ही मोबाइल फक्त उचलता, त्यावर काही वाचत नाही. तेव्हा हे पत्र रविवारी उपासनेनंतर कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवील. वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, मधे थांबून माझी स्तुती नको.

दोन वर्षांपूर्वी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात माझा राज्यसेवेचा निकाल लागला. चौथी खेप होती. पावणेदोन गुणांनी गेलो. सदाशिव पेठेतली कॉट सोडली, पुस्तकांचं एक पोतं रद्दीत घातलं, एक बरोबर आणलं (कशाला, देव जाणे) आणि श्रीरामपूरला घरी येऊन पडलो. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीनच्या उपासनेला आईने ओढून नेलं. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी चौथा आला, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?', तेव्हा कान टवकारले. बाकी सहा कधी आले नि गेले, आठवत नाही.

तोवर बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, २९व्या अध्यायातलं ११वं वचन मला निदान पंधरा जणांनी पाठवलं होतं, गुलाबाच्या फुलांसकट. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. पाठवणारी सगळी मायेची माणसं. पण दर वेळी वाटायचं, हे मला गप्प करायला पाठवलंय.

सोमवारी तुम्ही आलात, बाजरीची भाकरी आणि मेथी घेऊन. आयुष्यभर वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेल्या तुम्ही. आधी डोळे बघितलेत, मग विचारलंत, झोप लागते का? मी चिडून ते वचन म्हणून दाखवलं. तुम्ही आईचं पवित्र शास्त्र मागवलंत आणि म्हणालात, "अकरावं सगळ्यांना पाठ असतं रे. दहावं वाच."

दहाव्यात ७० वर्षं होती: बाबेलची ७० वर्षं भरल्यावरच देव त्यांना परत आणणार.

मग तुम्ही सांगत बसलात. हे मुळात पत्र आहे, बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून धाडलेलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा म्हणतो, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जूसुद्धा काढून मोडतो. यिर्मया त्यावर 'आमेन' म्हणतो, देव तसंच करो! पण तसं होणार नव्हतं. पत्र ऐकणारा चाळिशीचा माणूस आपल्या पायांनी परत जाणार नव्हता, आणि ते त्याला कळत होतं. "हे पत्र त्यालापण होतं," तुम्ही म्हणालात. मग पाचव्या वचनावर बोट ठेवलंत: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा.

"तू आता बाबेलात आहेस. आधी जेव."

मावशी, चार वर्षं माझ्याभोवती नुसते हनन्या होते. 'पुढच्या खेपेला नक्की.' सगळ्यात मोठा हनन्या मीच, दर जूनमध्ये नवी वही काढणारा. तुम्हीही तेच बोलला असता तर मला त्या क्षणी बरं वाटलं असतं. तुम्ही नाही बोललात, त्याचे हे आभार.

पुढच्या सोमवारी ८८वं स्तोत्र वाचायला दिलंत. ते अंधारातच संपतं, शेवटी 'पण' येत नाही. मी पान उलटून पाहिलं तर तुम्ही हसलात. "हेही देवाच्याच पुस्तकात आहे." आणि जाताना केलेली प्रार्थना, आपल्या मंडळीत ऐकलेली सर्वांत छोटी: "प्रभू, याला झोप लागू दे." त्या रात्री काही लागली नाही. तिसऱ्या रात्री लागली.

आता मी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. मी पुरता सावरलो असं नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू! गेल्या महिन्यात अभ्यासिकेतला मित्र तहसीलदार झाला. त्याचे पेढे हसत खाल्ले आणि रात्री बराच वेळ गच्चीवर बसलो. मग तुमची ती छोटी प्रार्थना म्हटली आणि खाली येऊन झोपलो.

त्या पावसाळ्यात अंगणात शेवगा लावला होता. यंदा शेंगांनी फांद्या वाकल्यात. रविवारी पिशवी घेऊन या, पाळकसाहेबांनाही द्यायच्या आहेत. पण पहिली जुडी तुमची.

तुमचा,
बाबेलकर