प्रकाशात प्रकाश मिळवला, तर काळोख?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचून तीन आठवडे उलटले. उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून उतरवून पाठवणे मला पटेना. आधी प्रयोग करून पाहावा असे ठरवले आणि त्या प्रयोगाने माझ्या बऱ्याच संध्याकाळी खाल्ल्या. ‘पाण्याच्या दोन लाटा एकमेकींना निववतात हे डोळ्यांना दिसते, पण भिंतीवर उजेड पडलेला असताना त्यात आणखी उजेड टाकला तर तिथे काळोख कसा होईल?’ असे तू विचारले होतेस. शाळेत आपण दोघांनी यंगच्या प्रयोगाची, म्हणजे दोन बारीक चिरांतून पडद्यावर प्रकाश सोडण्याची, आकृती घोटून घोटून काढली, गुणही मिळवले, आणि हा प्रश्न तेव्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही, याचे आता हसू येते.

साहित्य अगदी साधे होते. काचेच्या एका पट्टीवर मेणबत्तीची काजळी धरली, दाढीची दोन पाती एकमेकांना चिकटवून काजळीवर एकच रेघ ओढली, म्हणजे दोन समांतर चिरा मिळतील असा हिशेब होता. लाल लेझरचा किरण त्यावर सोडला आणि दोन मीटरवर पांढरा कागद टांगला. कागदावर उजळ-काळे पट्टे उमटताच मी हर्षभरित झालो, पण तो हर्ष पाच मिनिटेच टिकला. नीट पाहिले तर मधला पट्टा बोटाच्या पेराएवढा रुंद होता आणि बाजूचे त्याच्या निम्मे. दोन चिरांचे पट्टे तर सारख्या रुंदीचे असायला हवेत. भिंग लावून पाहिले तेव्हा उलगडा झाला: दोन्ही पात्यांमधली काजळी खरवडली जाऊन दोन चिरांची एकच रुंद चीर झाली होती, आणि मी जे पाहत होतो ते एका चिरेतून जाताना प्रकाश पसरतो त्याचे, म्हणजे विवर्तनाचे, पट्टे होते. ही चूक मुद्दाम सांगतो, कारण लेझरपुढे काहीही धरले की पट्टे दिसतात आणि माणूस त्यांनाच व्यतिकरण, म्हणजे दोन लाटा एकमेकींत मिळून होणारा परिणाम, समजून बसतो.

दुसऱ्या खेपेला पात्यांच्या मध्ये पातळ कागद घातला. पाते साधारण ०.१ मिलिमीटर जाड आणि कागदही तेवढाच, म्हणून दोन चिरांमध्ये अंदाजे ०.२ मिलिमीटर अंतर पडले. या वेळी तो रुंद डाग बारीक, एकसारख्या पट्ट्यांनी विंचरल्यासारखा दिसला. सात उजळ पट्टे मोजता आले, त्यांपैकी टोकाचे दोन अंधूक. पहिल्याच्या मध्यापासून सातव्याच्या मध्यापर्यंत ४० मिलिमीटर भरले, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांत सुमारे ६.७ मिलिमीटर.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. पट्ट्यांमधल्या एका काळ्या जागेवर मी पेन्सिलने खूण केली. मग तिसऱ्या पात्याची धार काचेच्या मागून हळूहळू सरकवत एकच चीर झाकायचा प्रयत्न केला. चार-पाच वेळा दोन्ही झाकल्या गेल्या, पण एकदा जमले. बारीक पट्टे नाहीसे झाले, रुंद डाग तेवढा उरला, आणि माझी खूण उजेडात आली. पाते काढले की ती पुन्हा काळोखात बुडे. येणारा प्रकाश निम्मा केला तर ती जागा उजळते आणि पूर्ण केला तर विझते, हे मी दहा-बारा वेळा मागेपुढे करून पाहिले, आणि खरे सांगायचे तर दर वेळी थोडा अविश्वासच वाटला.

कारण असे. खुणेपासून दोन्ही चिरा सारख्या अंतरावर नाहीत. एकीचा प्रकाश किंचित लांबच्या वाटेने येतो. लाटेच्या एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. ही जास्तीची वाट बरोबर अर्ध्या तरंगलांबीची असली की एका लाटेचा उंचवटा नेमका दुसरीच्या खळग्यावर पडतो आणि दोन्ही मिळून शून्य होते. पूर्ण तरंगलांबीची असली की उंचवट्यावर उंचवटा पडून पट्टा उजळतो. मधल्या पट्ट्याला दोन्ही वाटा सारख्या, म्हणून तो नेहमी उजळ. तुझी अडचण अशी होती की तू उजेडात उजेड मिळवत होतास. मिळवायच्या असतात त्या लाटा, आणि लाटेला अधिक-उणे असते, उजेडाला नसते. उजेड हा लाटेच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, आणि तो बेरीज झाल्यावर काढायचा.

यातूनच काळ्या जागेतला प्रकाश गेला कुठे याचेही उत्तर मिळते. उजळ पट्ट्याच्या मध्यावर लाटेची उंची दुप्पट होते, म्हणून तिथला उजेड एका चिरेच्या दुप्पट नसून चौपट असतो. एके ठिकाणी चौपट, दुसरीकडे शून्य, सरासरी दुप्पट, हिशेब चुकता. काहीही नाहीसे झालेले नाही, फक्त वाटणी बदलली आहे.

मला सर्वांत आवडला तो यातला भिंगाचा गुण. चिरांमधले अंतर ०.२ मिलिमीटर, कागद २००० मिलिमीटरवर, म्हणजे गुणोत्तर दहा हजार. प्रकाशाची एक तरंगलांबी कागदावर दहा हजार पट मोठी होऊन एका पट्ट्याचे अंतर बनते. माझ्या ६.७ मिलिमीटरला दहा हजारांनी भागले तर सुमारे ६७० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) येतात, आणि लेझरवर ६५० छापलेले आहे. चिरांमधले अंतर मी अंदाजाने धरले होते, त्यामुळे या जुळण्यात नशिबाचाही वाटा आहे. तरी शाळेतल्या पट्टीने प्रकाशाची लाट मोजली, हे काही थोडके नाही.

मग खोलीत दोन दिवे लावले की भिंतीवर पट्टे का दिसत नाहीत, असे तू विचारशीलच. लाल प्रकाशाच्या लाटा सेकंदाला सुमारे ४६० लाख कोटी वेळा वरखाली होतात, आणि दोन वेगळ्या दिव्यांच्या लाटांचा एकमेकींशी मेळ क्षणभरही टिकत नाही. पट्टे बनतात, पण इतक्या झपाट्याने जागा बदलतात की डोळ्याला सपाट उजेडच दिसतो. म्हणून एकाच उगमाचा प्रकाश दोन वाटांनी आणावा लागतो.

टॉमस यंगने नेमके हेच केले. हा पेशाने डॉक्टर. न्यूटनने प्रकाश कणांचा बनलेला मानला होता आणि त्याच्या नावाचा दबदबा अजून ओसरलेला नव्हता, अशा काळात, नोव्हेंबर १८०३ मध्ये, यंगने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडून आत घेतलेल्या उन्हाच्या किरणात त्याने इंचाचा तिसावा भाग रुंदीची कार्डाची पट्टी उभी धरली. तिच्या सावलीत पट्टे दिसले, आणि एका बाजूचा प्रकाश अडवताच सावलीतले पट्टे गेले. माझ्या तिसऱ्या पात्याची युक्ती मूळची त्याची आहे. दोन भोके किंवा चिरा घेऊन केलेले वर्णन १८०७ साली छापलेल्या त्याच्या व्याख्यानांत येते. तिथे त्याने टोकाच्या लाल प्रकाशाची तरंगलांबी इंचाचा सुमारे ३६ हजारावा भाग आणि जांभळ्याची ६० हजारावा भाग दिली आहे. गणित करून पाहा: सुमारे ७०० आणि ४२० नॅनोमीटर. लेझर नसताना!

प्रकाश अगदी मंद करत नेला तरी पट्टे राहतात, हे जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०९ साली एका सुईच्या सावलीचे महिनोन्‌महिने छायाचित्रण करून दाखवले. तिथून जो प्रदेश सुरू होतो त्यावर वेगळे पत्र लागेल, आणि ते लिहिण्याआधी मलाच पुष्कळ वाचावे लागेल.

तुला काजळी आणि पात्यांच्या नादी लागायचे नसेल तर यंगच्या कार्डाऐवजी डोक्याचा एक केस घे. लेझरच्या तोंडावर तो उभा ताणून चिकटव, किरण दोन मीटरवरच्या भिंतीवर सोड, आणि चुकूनही त्यात डोळा घालू नकोस. मध्याच्या एका बाजूला लागोपाठच्या काळ्या जागांतले अंतर पट्टीने मोज. ते दीड-दोन सेंटिमीटर भरायला हवे. तो आकडा, भिंतीचे अंतर आणि लेझरवर छापलेली तरंगलांबी एवढे मला कळव. उलट टपाली तुझ्या केसाची जाडी कळवतो. एक पांढरा आणि एक काळा असे दोन घेतलेस तर फारच उत्तम. माझ्याकडे आता तुलनेला काळा उरलेला नाही.

तुझा मित्र