ग्रे घेण्याआधी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "आफ्रिकन ग्रे पोपट घेतोय, ॲडव्हान्स द्यायचाय" म्हणालास आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. फोडणी करपत होती हे खरं, पण बोलायचं टाळलं हेही खरं. फोनवर मी काही सांगायला लागले की तुझं "हो गं आई, माहितेय मला" सुरू होतं. पत्राला तसं म्हणता येत नाही.

आपल्या छोट्या परदेशी पोपटाला, पिंट्याला, आणलंस तेव्हा तू बारावीत होतास. "आई, मीच सगळं करणार" म्हणालास आणि वर्षभर केलंसही. मग कॉलेज, मग हैदराबाद. पिंट्या राहिला सांगलीत, माझ्याकडे. गेल्या श्रावणात त्या 'पिंट्या'नं अंडं घातलं तेव्हा कळलं, इतकी वर्षं आपण मुलीला मुलाच्या नावानं हाक मारतोय. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, नर नसताना अंडं कसं? घालतात बाबा, कोंबडी घालते तसंच. मी ते उचलून टाकलं, तर दोन दिवसांत दुसरं हजर. डॉक्टर म्हणाले, उचलू नका, ती कंटाळेपर्यंत तिथेच राहू द्या. काढलं तर भरपाई म्हणून आणखी घालते आणि अंगातलं कॅल्शियम संपतं. तेव्हापासून काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन आणून पिंजऱ्याला बांधते.

आता माझा दिवस ऐक. साडेसहाला पिंजऱ्यावरचं कापड काढायचं. आधी खालचा कागद बघायचा: हिरवी शी, त्यात पांढरा भाग, कडेला थोडं पाणी, हे असं दिसलं की माझा चहा गोड लागतो. मग तिला स्वयंपाकाच्या काट्यावर उभी करायची. एरवी ९२-९३ ग्रॅम. जानेवारीत चार दिवसांत ८५ वर आली. दिसायला ठणठणीत, खातेय, शीळ घालतेय. पण पक्षी आजार लपवतो. जंगलात आजारी दिसला की संपला. काट्यानं सांगितलं म्हणून वाचली. इथले गुरांचे डॉक्टर हात लावायला तयार नव्हते, तेव्हा बाबांनी कोल्हापूर गाठलं. पंधरा दिवस चोचीत सिरिंजनं औषध. माझ्या बोटांवरचे चावे अजून आहेत.

खाणं म्हणजे डब्यातलं बी ओतलं असं नाही. नुसत्या बियांवर ठेवलं की लिव्हरला चरबी धरते. सूर्यफुलाचं बी म्हणजे तिचं फरसाण, दिवसाला चार दाणे. बाकी राळं, मोड आलेले मूग, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर. ओलं खाणं दोन तासांत उचलायचं, नाहीतर आंबतं. नॉनस्टिक तवा मी भंगारात दिला. तो फार तापला की त्याच्या वाफेनं पक्षी मिनिटांत मरतो. आता बिडाचा तवा आहे, डोसे उलट बरे होतात. उदबत्ती बंद, मच्छरची कॉइल बंद. ती पिंजऱ्याबाहेर असताना पंखा बंद, मे महिन्यातसुद्धा. बाबांचं यावरचं मत तुला माहीत आहेच.

दिवाळीचं तुला सांगितलं नव्हतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री एक वाजता गल्लीत माळ लागली आणि अंधारात ती पिंजऱ्यात चौफेर आपटायला लागली. दिवा लावला तर भिंतीवर रक्ताचे शिंतोडे. पंखातलं नवं, रक्त भरलेलं पीस तुटलं होतं. ९० ग्रॅमच्या जिवात रक्त असतं ते किती? माझा हात हळदीच्या डब्याकडे गेला. बाबांनी डॉक्टरांना झोपेतून उठवलं. ते म्हणाले, हळद नको, कॉर्नफ्लॉर लावून दाबून धरा. ती माझ्या मुठीत, तिचं काळीज माझ्या तळव्यावर फडफडतंय, आणि बाहेर आतषबाजी. तेव्हापासून रात्री झीरोचा दिवा असतो. तू म्हणतोस ना, आई, आठवडाभर राहायला का येत नाहीस? तर हे.

माझ्या माहेरी गोल पिंजऱ्यात मिठू होता. मामानं बाजारातून आणलेला, पंख छाटलेला. त्याला मिरची आणि चहात बुडवलेली चपाती. तो 'बोलतो' म्हणून आम्ही टाळ्या वाजवायचो. आपला रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्याला पंख पसरता येतील एवढाही तो पिंजरा नव्हता.

आणि ग्रे म्हणजे मोठी पिंट्या नव्हे. चाळीस-पन्नास वर्षं जगतो. तू पंचविशीत आहेस. तुझे केस पांढरे होतील तेव्हाही तो 'ओंकार' म्हणून हाक मारील. एकटा पडला की स्वतःची पिसं उपटतो, आणि तू तर सकाळी नऊला गेलास की रात्री आठला येतोस. बाबांनी शोधून काढलंय की २०१७ पासून त्याच्या जंगलातून पकडलेल्या पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे आणि इथे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकणाऱ्याकडे मूळ कागद माग. "नंतर देतो" म्हणाला तर उठून ये.

नाही म्हणत नाहीये मी. पण आधी चार दिवस सुट्टी काढून ये. बाबांना आणि मला कोकणात लग्नाला जायचंय, गेल्या दोन लग्नांना मी गेलेच नाही. पिंट्या तुझ्या ताब्यात. वजनाची वही फ्रिजवर आहे, रोज लिहायचं. गाजर किसायची किसणी वेगळी आहे, निळ्या मुठीची.

तिकीट काढलंस की कळव. आणि रात्री मोबाईल बघत जागू नकोस, साडेसहाला कापड काढायचं असतं.

तुझी,
आई